डाव्या चाकाचे चार नट

नवीन जालना
४ फेब्रुवारी २०२४

ती. मामांस,
अक्षताचा आदरपूर्वक जयभीम.

वि. वि. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. तुमच्या कानांना फोन चालत नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं तुम्हाला नको वाटतात, त्यामुळं आमच्या पोस्टात तिकिटं मागणारी बहुतेक मी एकटीच उरले आहे. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी हसतात. हसू देत.

आनंदाची बातमी आधी. सुमितचं जमलं. मुलगी परतूरची, नाव प्रिया, डी. एड. झालेली. साखरपुडा २४ मार्चला आपल्याच घरी. आई आत्तापासून डबे घासायला लागली आहे. तुम्ही दोन दिवस आधी यायचं, असा तिचा हुकूम आहे.

आता माझं काम. नोव्हेंबरात स्कुटीवरून पडून मोडलेलं मनगट जुळलं, पण त्यात जोर नाही. गेल्या रविवारी गाडीची चाकं पुढची मागं, मागची पुढं करायला घेतली. पान्यावर उभी राहिले तरी नट हलला नाही. सुमित खिडकीतून बघत होता. म्हणाला, सगळं जग गॅरेजला जातं, तूच एक शहाणी. मामा, बाबा गेल्यावर ही गाडी तुम्ही मला नट-नट करून शिकवलीत. ती दुसऱ्याच्या हातात द्यायला मन होत नाही.

म्हणून इम्पॅक्ट रेंच घ्यायचं ठरवलं आहे. टायरवाल्याकडं टरटर करत नट काढतात ती मशीन. पण बाजारात गोंधळ फार. एक हवेवर चालते, एक वायरची, एक बॅटरीची. तीन हजाराच्या मशीनवर हजार न्यूटन-मीटर ताकद छापलेली आणि बारा हजाराच्या मशीनवर चारशे. माझी मजल सहा-सात हजारांपर्यंत. तुम्ही सांगाल ती घेईन.

माया आहेच, उत्तरही लवकर असू द्या.
तुमची
अक्षता

—

अंकुशनगर
१० फेब्रुवारी २०२४

चि. अक्षतास,
मामाचा जयभीम आन पोटभर आशीर्वाद.

तुजं पत्र गुरुवारी भेटलं. सुमितचं जमलं हे वाचून लई बरं वाटलं. तुज्या मायला, बेबीनंदाला सांग, डबे घासून घासून भोकं पाडू नको.

मशीनचं म्हणशील तर मी खास अंबडला गेल्तो, त्रिंबक टायरवाल्याकडं. कारखान्याच्या वर्कशॉपात मी तीस साल काढले, पन बॅटरीची मशीन हातात पहिल्यांदा धरली. आता नीट आयक. हवेची घेऊ नको, तिला कंप्रेसर लागतो, त्याचा खर्चा येगळा आन जागा येगळी. वायरची सस्ती आन दमदार असती, पन जड. तुज्या मनगटाला झेपणार न्हाई, आन रस्त्यात गाडी उभी राह्यली तर वायर कुठं लावशील? तुला बॅटरीचीच बराबर.

छापलेल्या आकड्यावर बिलकुल जाऊ नको. हजार छापायला शाई तेवढीच लागती. आपल्या गाडीचे नट आवळायचे पंच्याऐंशीला. गंजले तरी तीनशे खऱ्या ताकदीची मशीन त्यांना खोलती. दुकानात तिला हातात धर, वजन बघ. बॅटरी येगळी विकत भेटती का ते इचार, न्हाईतर दोन सालानं मशीनचा दगड होतो. सॉकेट काळे घे, इम्पॅक्टचे. चमकणारे घेशील तर फुटून तोंडावर येतील.

आन एक गोष्ट, ही इसरलीस तर मला मामा म्हणू नको. मशीन खोलायला. आवळायला हात. नट आधी बोटानं फिरव, मंग पान्यानं, समोरासमोरचे. शेवटी माझा टॉर्क पाना लाव, कट् वाजलं की थांब. तो पाना मी त्रिंबकच्या पोरीसंगं धाडून राह्यलो, ती जालन्याला कॉलेजात येती.

हाताला जप. तुज्या पत्राची वाट बघत बसनारा,
पुंजाराम

—

नवीन जालना
१२ मार्च २०२४

ती. मामांस,
सविनय जयभीम.

वि. वि. मशीन घेतली! स्टेशन रोडच्या दुकानात चार मशीनी हातात धरून पाहिल्या. दुकानदार मला सारखं विचारत होता की साहेब कुठं आहेत. शेवटी सहा हजार आठशेला बॅटरीची घेतली, साडेतीनशेची, वजन दीड किलो. बॅटरी सुटी मिळते. काळे सॉकेट वेगळे घेतले.

रविवारी चाकं बदलली. ज्या नटावर मी उभी राहिले होते, तो तीन सेकंदांत सुटला. मामा, मी जमिनीवर बसून एकटीच हसले. मग तुमच्या नियमानं सगळं हातानं आवळलं. चारही चाकं, सोळाही नट, प्रत्येकाला तुमच्या पान्याचा कट् ऐकला. स्टेपनीत हवा भरली. आई ओसरीवरून बघत होती. म्हणाली, तुझे बाबा असते तर पेढे वाटले असते.

येत्या रविवारी, १७ तारखेला, आईला घेऊन तुमच्याकडं येते. साखरपुड्याचं आमंत्रण तिला स्वतः द्यायचं आहे आणि मला मशीन दाखवायची आहे. जेवायला काही विशेष करू नका, हे लिहायचं म्हणून लिहिते. शेंगदाण्याची चटणी मात्र असावी.

भेटीची घाई झालेली,
अक्षता

—

नवीन जालना
३१ मार्च २०२४

ती. मामांस,
जयभीम.

तुम्ही दवाखान्यात होतात, सगळं पाहिलंत. तरी लिहिते, कारण त्या दिवसांत तुमच्याशी पाटीवर लिहून बोलायलाही मला जमलं नाही.

अंबडच्या अलीकडं पुढून धडधड यायला लागली. मला वाटलं, रस्ता खराब आहे. वेग कमी केला. आई साडीच्या रंगाचं काही सांगत होती. तेवढ्यात डावीकडचं पुढचं चाक आमच्या आधी पुढं पळताना दिसलं. गाडी घासत चारीत गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. आईचा खुबा मोडला.

तुम्ही गाडी बघून आलात आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर सांगितलंत, की मशीननं नट जादा आवळले, त्यामुळं नट ज्यांवर बसतात ते स्टड तुटले. तुम्ही सांगितलंत म्हणून कुणी पुढं विचारलं नाही. मीही नाही. पण मामा, मी पंधरा दिवस तोच रविवार मनात परत परत करते आहे. मी पान्यानं आवळले होते. कट् ऐकला होता. की ऐकला असं मला वाटलं? माझा हात कमजोर आहे, तसं माझं डोकंही झालं का?

साखरपुडा आईच्या पलंगाशेजारी उरकला. सुमित माझ्याशी बोलत नाही. आई बोलते, पण कालच भेटायला आलेल्या बायकांना म्हणाली, की पोरीच्या मशीननं माझा पाय नेला. मी चहा घेऊन दारातच उभी होते.

मी कुठं चुकले, तेवढं एकदा नीट सांगा. बाकी काही मागत नाही.
अक्षता

—

अंकुशनगर
९ एप्रिल २०२४

चि. अक्षतास आशीर्वाद.

पत्र भेटलं. झालं ते झालं. चूक कोणाच्याबी हातून होती. जास्ती इचार करू नको. मशीन पेटीत घालून ठेव आन काही दिवस गाडीला हात लावू नको. बेबीनंदाची सेवा कर.

इकडं ऊन फार. डोळ्याला पाणी येऊन राह्यलं, म्हणून जास्ती लिहीत न्हाई.

पुंजाराम

—

नवीन जालना
२० ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,
जयभीम.

सहा महिने तुम्हाला पत्र लिहिलं नाही. लिहायला तोंड नव्हतं. या सहा महिन्यांत आईला मी उचलून बसवलं, आंघोळ घातली, आणि प्रत्येक वेळी ती कण्हली की मनात म्हटलं, हे मी केलं. सुमितच्या लग्नात मी मागच्या रांगेत बसले. मशीन दुकानदाराला अर्ध्या किमतीत परत दिली.

आता काल काय झालं ते सांगते. प्रिया आणि मी अंगणात भांडी घासत होतो. शेजारच्यांच्या गाडीचं चाक बदलायचं चाललं होतं. ते बघून ती सहज बोलली, की सुमितनंही एकदा असंच बदललं होतं, पांढरा शर्ट घालून. मी विचारलं, कधी. म्हणाली, साखरपुड्याच्या आधी, आम्ही चोरून औरंगाबादला लेणी बघायला गेलो होतो तेव्हा. शनिवार होता. बदनापूरजवळ पुढचं डावं चाक पंक्चर झालं. त्यांनी स्टेपनी लावली, नट बोटानं फिरवले, तेवढ्यात माझ्या वडिलांचा फोन आला आणि आम्ही तसेच घाईनं निघालो. घरी गेल्यावर ताईंच्या मशीननं आवळतो म्हणाले होते.

ती हसत सांगत होती. तिला अपघाताचं कारण कुणी कधी सांगितलंच नाही. तिला वाटतं, रस्त्यात खड्डा होता.

मामा, तुम्ही ते चाक हातात घेऊन पाहिलंत. तीस वर्षं तुम्ही चाकांचंच काम केलंत. जादा आवळून तुटलेला स्टड आणि ढिल्या नटानं खाल्लेलं चाक, यांतला फरक तुम्ही मला शिकवला आहे. ढिलं असलं की चाकाची भोकं लांबट होतात. त्या चाकाची भोकं कशी होती? आणि डिकीत काय होतं?

मला एका ओळीत उत्तर चालेल.
अक्षता

—

अंकुशनगर
२८ ऑक्टोबर २०२४

चि. अक्षता,

आशीर्वाद लिहायला हात होत न्हाई.

भोकं लांबट होती. डिकीत पंक्चर टायर पडेल होता. निखळलेलं चाक स्टेपनीचं होतं. गाडीजवळ गेलो आन दोन मिन्टात मला समदं कळलं. तुजे बाकीचे बारा नट मी तिथंच पान्यानं तपासले. एकबी ढिला नव्हता, एकबी जादा नव्हता.

मी दवाखान्यात आलो तव्हा सुमित गेटावरच उभा होता. माझ्या हातातली पाटी घेऊन त्यानं त्याच्यावर लिवलं, मामा माझ्याकडून नट ढिले राह्यले. मंग माझे पाय धरले. आठ दिवसावर साखरपुडा. चोरून पोरगी फिरवली हे परतूरला कळलं तर लग्न मोडतं, आपल्या हातून मायचा पाय मोडला हे कळलं तर समाजात तोंड राहत न्हाई, असं लिवू लिवू पुसत होता. मी इचार केला, अक्षता समजदार हाये. ती सोसंल, चार दिवसांनी लोक इसरतील. आन मी व्हरांड्यात येऊन बोललो.

तू एप्रिलात इचारलंस, मी कुठं चुकले. त्या पत्राला मी खोटं उत्तर धाडलं. डोळ्याला पाणी उन्हानं येत नव्हतं.

माफी मागायचा हक मला न्हाई. पन जिथं खोटं बोललो तिथं खरं बोलायला मी येतो. रविवारी, ३ तारखेला, भाऊबिजेला समदे घरी राहतील. मला थांबवू नको.

तुजा अपराधी
पुंजाराम

—

अंबड
१७ नोव्हेंबर २०२४

श्री. पुंजाराम साळवे यांस,
स. न. वि. वि.

भाऊबिजेला तुम्ही आलात, उभे राहिलात आणि सगळं सांगितलंत. चाक, भोकं, डिकीतला टायर, पाटीवरचं लिहिणं, काही लपवलं नाहीत. सांगून झाल्यावर तुम्ही सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होतात. कोण काय बोललं ते तुम्हाला ऐकू आलं नाही आणि पाटीवर कुणी लिहून दिलं नाही. म्हणून मी लिहिते. तुम्हाला ते माहीत असायला हवं.

सुमित म्हणाला, म्हातारपणामुळं मामांना काहीबाही आठवतं. प्रिया एकदम उठली आणि त्याला विचारलं, की मग बदनापूरला मीच खोटं पाहिलं का. त्यावर तो खाली मान घालून बाहेर गेला. पाहुण्यांपैकी कुणी माझ्याकडं बघितलं नाही. थोड्या वेळानं कुणीतरी फराळाचं विचारलं.

तुम्ही बसनं परत गेल्यावर मी आईजवळ बसले. मला वाटलं, तिला धक्का बसला असेल. मी तिला सांगायला लागले, की आता तू त्रास करून घेऊ नको. तिनं माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं. तू सोसलंस, त्याच्यानं सोसलं नसतं."

त्या शनिवारी त्यानं गाडी नेली, हे तिनं ओसरीवरून पाहिलं होतं. बाकीचं त्यानं ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच तिला सांगितलं होतं. म्हणजे मी तिला आंघोळ घालत होते तेव्हा तिला ठाऊक होतं. बायकांना माझ्या मशीनचं सांगत होती तेव्हाही ठाऊक होतं. तुम्ही सगळे मिळून ठरवून बसला नव्हतात, हे मला कळतं. प्रत्येकानं वेगवेगळा विचार केला आणि प्रत्येकाला मीच सापडले.

मी ऑफिसात सांगून अंबडच्या केंद्रावर बदली मागून घेतली. गेल्या सोमवारी इथं खोली घेतली आहे. निघताना प्रिया पिशवी उचलायला आली आणि रडली. तिचा काही दोष नाही, हे मी तिला सांगितलं. गाडी मी नेली नाही. आता ती सुमित चालवतो. नट कोण बघतं, मला माहीत नाही.

इथून अंकुशनगर जवळ आहे. तुम्ही भेटायला याल, हे मी ओळखून आहे. येऊ नका. त्या व्हरांड्यात तुम्ही एक शब्द बोलला नसतात, तर मी तुम्हाला माफ केलं असतं. पण लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवला तो तुमच्या हातांमुळं, आणि माझ्या हातांवरचा माझा विश्वास तुम्ही त्याच हातांनी काढून घेतलात. तो मला परत मिळवायचा आहे, आणि ते मला एकटीनं करू द्या.

रोज मी काम करते, जेवते, झोप लागते. कळवायचं म्हणून कळवते.

एकच मागणं आहे. आई काठीशिवाय किती पावलं चालते, एवढं दर महिन्याला एका कार्डावर लिहीत जा. मला तिला विचारवत नाही. त्याखेरीज काही लिहू नका.

अक्षता