मधल्या नावावरचा अंगठा

मु. सावळीतांडा, ता. केळापूर
१२ फेब्रुवारी १९६३

श्रीकृष्णराव,

यज्ञेश्वराचा साष्टांग नव्हे (सायकलवरून पडल्यामुळे गुडघा वाकत नाही), पण उभ्या उभ्या मनापासून नमस्कार. तीर्थरूप आईंचा खोकला उतरला असेल. तुमच्या भगिनी विश्रांतीसाठी तिकडे उमरखेडला आल्या आहेत, त्यांचीही प्रकृती ठीक असेल. इकडे सर्व क्षेम आहे, भाकरी सोडून.

तुम्ही मास्तर, मी मास्तर. म्हणजे आपले दुःख एकच. गुरे मोजायची तर मास्तर. हिवतापाच्या गोळ्या वाटायच्या तर मास्तर. आणि शाबासकीची वेळ आली की साहेब विचारणार, "आकडा किती?" माणूस घडवण्याचे काम आकड्यांनी मोजणाऱ्या या वृत्तीचा मी जाहीर निषेध करतो! (माझा आकडा अठ्ठावन्न होता. शेजारच्या खैरगावच्या घनश्याम मास्तरांचा बावन्न.)

झाले असे, की तालुक्यात जे गाव प्रथम पूर्ण साक्षर होईल त्याच्या शाळेला भिंतीवरचे घड्याळ मिळणार, असे जाहीर झाले. लंबकाचे, टोले देणारे. श्रीकृष्णराव, मला घड्याळाचा मोह नाही. पण ते घनश्याम मास्तरांच्या भिंतीवर टोले देणार, आणि वारा इकडचा असला की मला ते ऐकू येणार, ही कल्पना सहन होईना. हे गृहस्थ केंद्राच्या सभेत माझ्या भाषणाच्या वेळी डोळे मिटून बसतात आणि संपल्यावर "वा!" म्हणतात. मी रात्रीच्या प्रौढांच्या वर्गात कंदील तीन केले, त्यांनी चार केले. मी तांड्याच्या नायकाला, म्हणजे खेमसिंगांना, वर्गाचे अध्यक्ष केले. त्यांनी पोलीस पाटलाला पहिल्या बाकावर बसवले. गेल्या महिन्यात त्यांचा वर्ग किती भरतो ते पाहायला मी सायकलवर निघालो, तर वळणावर ते समोरून सायकलवर येत होते. माझा वर्ग पाहायला. गुडघ्याची हकिकत हीच.

तपासणी परवा झाली. साहेब आले. नियम साधा: प्रत्येकाने पाटीवर आपले संपूर्ण नाव लिहायचे आणि उभे राहून मोठ्याने वाचायचे. एकतीस पुरुष धडाधड उत्तीर्ण! मग सत्तावीस बायका. पाट्या बघितल्या असत्या तर तुम्ही डोळ्यांना लावल्या असत्या. रुपीबाई उठली. कांकणांनी भरलेला हात पाटीवर ठेवला, मधल्या शब्दावर अंगठा दाबला आणि वाचले, "रुपीबाई... राठोड."

साहेब म्हणाले, "मधलं वाचा."

"ते मालकाचं हाय. ते मी काहून घेऊ?"

नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य कमी होते, अशी तांड्याची समजूत. एकामागून एक सत्तावीस जणी उठल्या, सत्तावीस अंगठे नेमके मधल्या शब्दावर पडले. मी गर्जून म्हणालो, "साहेब, नेमका तोच शब्द झाकायचा तर आधी तो वाचता यायला हवा! याहून मोठी साक्षरता कोणती?" साहेब म्हणाले, "गुरुजी, तक्त्यात 'झाकले' असा रकाना नाही." सत्तावीस नापास.

घनश्याम मास्तरांच्या बायका मात्र पास! त्या चतुर माणसाने त्यांना वडिलांची नावे लिहायला शिकवली होती. (हे मला सुचले नाही, याचे दुःख मी कोणाजवळ बोललेलो नाही.) त्यांचे चार म्हातारे तेवढे अडखळले. म्हणून येत्या रविवारी दोन्ही गावांची फेरतपासणी आहे. घड्याळ अजून साहेबांच्या कपाटात आहे!

मग मी तिथेच बोलायला उभा राहिलो. नाव म्हणजे काय, नावाला भिणारी माणसे स्वतंत्र कशी, फ्रान्सात काय झाले, रशियात काय झाले, सर्व सांगितले. चाळीस मिनिटे. असे भाषण माझ्या हातून पूर्वी झाले नाही. बाकी विशेष काही नाही.

आपला,
यज्ञेश्वर

ता.क. भाषणानंतर खेमसिंगांच्या रामीबाईने एक शंका विचारली. "मास्तर, लय बोलून राह्यले तुमी. तुमच्या मंडळीले घेऊ द्या ना तुमचं नाव." मी ताबडतोब तुमच्या भगिनींना सर्वांसमक्ष हुकूम केला, "घ्या." त्या उठल्या आणि म्हणाल्या:

ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी,
यज्ञेश्वरराव बोलतात, शिकवणी माझी.

साहेब रुमालात तोंड घालून हसले. उखाणा खोटा होता असे मी म्हणत नाही. बायकांचा वर्ग पहिल्या दिवसापासून त्याच घेत होत्या. त्या सत्तावीस जणी मला मास्तर म्हणतात. त्यांना 'याडी' म्हणतात, म्हणजे आई.

ता.क. दुसरे. मग रुपीबाई म्हणाली, "आता तुमी याडीचं नाव घ्या." श्रीकृष्णराव, अकरा वर्षे मी "अहो ऐकलंत का" यावर संसार केला आहे. चाळीस मिनिटे चाललेली जीभ टाळूला चिकटली. शेवटी म्हणालो, "ह्या... आमच्या घरच्या." सारा तांडा हसला. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी पहिल्या एस.टी.ने त्या निघाल्या. विश्रांती ती हीच.

ता.क. तिसरे आणि खरे. बायकांनी काल निरोप पाठवला आहे: याडी आल्याशिवाय कोणी पाटी धरणार नाही. ती आली आणि मास्तराने तिचे नाव घेतले, तर त्याही अंगठा उचलतील. मग ज्याचे आयुष्य जाईल त्याचे जावो. खेमसिंगांसह सत्तावीस नवरे राजी आहेत. मी कालपासून विहिरीवर, शाळेत, बैलांपुढे सराव करतो आहे. माणसांपुढे अजून जमलेले नाही. कागदावर मात्र आज जमते आहे, हे पत्र त्यांनाच दाखवा. शुक्रवारच्या सकाळच्या गाडीत बसवून द्या.

सुनीतीला.