सोडण चुलीत घाल

रत्नागिरी,
कार्तिक, शके १८५६

प्रिय मैनावहिनी,

हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. अक्षरं मीच शिकवलीत तुला. अडखळत का होईना, एकटीनं वाच.

दसऱ्याला बुरोंडीला आले तेव्हा तू न्हाणीत होतीस. पाठ चोळून द्यावी म्हणून आत आले आणि पाहतच राहिले. मानेची, कोपरांची सालटं निघालेली आणि हातात नारळाच्या सालीचं खरखरीत सोडण. वर मलाच म्हणालीस, "थोडं सोसाया हवं ना, वन्सं?" अगं, तू काय राखेनं घासायचं पातेलं आहेस? आमच्या घरात गोरं होतंच कोण! सदूदादा स्वतः तव्याच्या पाठीसारखा, आणि गोदीतल्या कामावर मुंबईला निघताना तोच ऐटीत म्हणाला, "अशा काळीला कशी नेऊ? चाळ हसंल." तो बोलून गेला आणि तू तेव्हापासून अंग खरवडत बसलीस, उजळले की नेईल म्हणून. माझा जीव तुटतो गो.

माझ्या सासूबाई सुईण. बाळांना न्हाऊ घालण्यात त्यांचा जन्म गेला. त्या म्हणतात, सावळी कातडी मानी असते. ओरबाडली की राग धरते आणि खपली पडली तरी डाग मूळ रंगाहून काळा उरतो. तुझ्या मानेवर तेच झालंय. आता जखमा भरेपर्यंत खोबरेल तेलाशिवाय काही लावू नकोस, लिंबू तर मुळीच नको. मग आठवड्यातून एखाद्या वेळी मसुराचं पीठ वस्त्रगाळ करून नारळाच्या रसात कालव आणि तान्ह्या बाळाला लावावं तसं हलक्या हातानं फिरव. चुरचुरलं की धुऊन टाक. मळ आणि मेलेली कातडी तेवढी जाते. रंग जात नाही आणि जायला नकोच. मासळी वाळत घालताना मानेवरून पदर घेत जा.

एवढंच असतं तर निरोपही पुरला असता. मागच्या आठवड्यात यांच्याबरोबर आगबोटीनं मुंबईला गेले होते. दादाला चार शब्द सुनवावेत, तुला कधी नेतोस ते विचारावं, असं मनात होतं. खोली त्यानं घेतलीय. दार एका बाईनं उघडलं, गळ्यात त्याच्या नावाचं मंगळसूत्र. दादानं लग्न केल्याचं कबूल केलं. मी भांडले, रडले, तिथल्या पाण्यालाही शिवले नाही. आईला अजून कळवलेलं नाही, आधी तुलाच लिहितेय. आणि मैना, ती बाई तुझ्याहून काळी आहे. तुझ्या रंगात कधीच काही नव्हतं गो. ते सोडण चुलीत घाल आणि मिळेल त्या होडीनं माझ्याकडे निघून ये. पाठ मी चोळून देईन.

तुझीच,
सत्यवती