कडी वरच हवी

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकट्याचा नमस्कार. वाकून केला असं समज. प्रत्यक्ष वाकणं का जमत नाही ते पुढे येईलच. तुझी पाठ कशी आहे? शेक घेतेस ना? आम्ही नव्या घरी आलो. तिसरा मजला आहे, हवा छान आहे, आणि पडायला जागा पुष्कळ आहे.

आपली भिंगरी (नात गं, बसवली तिथं बसत नाही म्हणून हे नाव) चालायला लागली. चिरंजीवांनी आल्या आल्याच सांगितलं, घर तिच्यासाठी नीट बंदोबस्ताचं झालं तर ती दिवसभर माझ्याजवळ राहील, नाहीतर पुढच्या महिन्यापासून पाळणाघर. ते पाळणाघर मी बघून आलो. पोरांना ओळीनं झोपवतात. भिंगरीला माझ्या बंडीची कड मुठीत धरल्याशिवाय झोप लागत नाही. (मलाही तिनं ती धरल्याशिवाय लागत नाही, पण हे तुझ्यापाशीच ठेव.) तेव्हा मी कामाला लागलो.

सूनबाई म्हणाली, धोके पोराच्या उंचीवरून बघावे लागतात. म्हणून मी अख्खं घर रांगून पाहिलं. गुडघे गेले ते तिथंच. खालून घर फार वाईट दिसतं, आक्का. टेबलाचा प्रत्येक कोपरा आपल्याच कपाळावर टपून बसलेला असतो. मी कोपऱ्यांना जुन्या उशा बांधल्या, प्लगांवर पट्ट्या चिकटवल्या आणि सुताराला बोलावून सगळ्या दारांना, कपाटांना बाहेरून, माझ्या कपाळाच्या उंचीवर कड्या मारून घेतल्या. तो म्हणाला, "आजोबा, घरात नात आहे की दरोडेखोर?" मी म्हटलं, तू आपला ठोक. आता सूनबाई पडली ठेंगणी. तिला कडीसाठी स्टूल लागतं. पण उघड्यावर ठेवलं तर स्टुलावर पोर चढेल, म्हणून ते मी कपाटात ठेवलं, आणि त्या कपाटालाही कडी वरच. (सूनबाईच्या वतीनं भांडी बोलली.) शिवाय एक नियम मी सगळ्यांकडून घोकून घेतला: कडी उघडी दिसली की लावायची, कुणाला विचारत बसायचं नाही.

मंगळवारी सूनबाई लवकर कामावर गेली. भिंगरी आत खेळत होती आणि मी गॅलरीचं दार लोटून घेऊन कोपऱ्यातली कठड्याची जाळी हलवून बघत होतो. चिरंजीव ऑफिसला निघाले. जाता जाता त्यांना गॅलरीच्या दाराची घराकडची कडी उघडी दिसली, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं. (त्यांना वाटलं मी न्हाणीघरात आहे.) मग घराचं दार ओढल्याचा आवाज आला.

दाराच्या काचेपलीकडे भिंगरी. तिला वाटलं खेळ आहे. तिनं काचेला नाक लावलं, हसली, आणि वळून घरात दिसेनाशी झाली. आक्का, त्यानंतर आतून काहीच आवाज येईना. त्यापेक्षा काही पडल्याचा आला असता तर बरं वाटलं असतं. मी बोंब ठोकली. खालच्या मजल्यावरच्या बाई बाहेर आल्या.

"आजोबा, काय झालं?"

"मला कोंडलंय!"

"कुणी हो?"

"मीच!"

त्या शहाण्या, पुढे विचारलं नाही. चिरंजीवांना फोन लावला. ते धापा टाकत परत आले तेव्हा भिंगरी टेबलाच्या कोपऱ्यावरची उशी ओढून काढून तिच्यावर गाढ झोपली होती. अंगावर ओरखडा नाही. हातात बंडीही नाही. (हे मला जरा लागलं.)

संध्याकाळी मी मुद्दा मांडला, की पोर एकटी असूनही तिला काही झालं नाही, म्हणजे घर चोख आहे. सूनबाई म्हणाली, "घर पास झालं, बाबा. नापास तुम्ही झालात." चौथीत मास्तर हेच म्हणाले होते, पण ते ओरडून म्हणाले होते.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप.

तुझा धाकटा

ता. क. : घरात आणखी एक मोठं माणूस असेल तर पाळणाघर रद्द, असं चिरंजीव म्हणतात. तेव्हा महिना संपायच्या आत ये. काम काही नाही. मी ज्या दारातून आत जाईन त्याच्या बाहेर बसायचं.

आणखी एक : वाकलेल्या पाठीमुळे तुझा हात वर जात नाही हे आठवलं. म्हणून सुताराला पुन्हा बोलावून माझ्या खोलीची कडी तुझ्या मापानं खाली घेतली. काल मी आत पडलो होतो, तर भिंगरीनं कोपऱ्याची उशी ओढत आणली, तिच्यावर चढली आणि कडी लावून टाकली. नियमाप्रमाणे कुणालाही विचारलं नाही.