पंख्याजवळची स्टुलं

तारीख १६, बुधवार

प्रिय ताईस,

धाकट्याचा प्रेमाचा सलाम. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे ते कळव. दाजींना सांग, त्यांनी दिलेला स्वेटर अजून टिकून आहे, मीच त्यात मावत नाही.

तू लिहिलंस की माझं मागचं पत्र पाळकसाहेबांनी उपासनेत वाचून दाखवलं. आणि लोक म्हणाले, पोरगा परक्या मुलखात जाऊन देवाच्या दारात उभा राहिला. ते वाचल्यापासून मला एका जागी बसवत नाही. हे पत्र तीनदा सुरू केलं नि फाडलं.

आधी कामाचं सांगतो. इथे मासे साफ करून बर्फात भरतात हे तुला ठाऊक आहे. पहिलं वर्ष मी मासे कापायच्या हॉलमध्ये सुरी घेऊन उभा होतो. तो वास साबणाने जात नाही, कातडीत मुरतो. मग मला पेट्यांवर लेबलं चिकटवायच्या टेबलावर घेतलं. कोरडं काम, बसायला खुर्ची. इथल्या चर्चमध्ये मी ऑफिसात आहे असं सांगितलं. टेबल आहे, खुर्ची आहे, म्हटलं ऑफिसच की.

चर्चमध्ये दारात उभं राहून लोकांना बसवायचं काम माझं. पुढे गादीच्या खुर्च्या, तिथे साहेबलोक. हॉलची माणसं रात्रपाळी संपवून तशीच येतात. त्यांच्यासाठी मागे, हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याजवळ स्टुलं. ही युक्ती माझी, ताई. मागच्या पत्रात हे लिहिलं नव्हतं. वास कुठून येतो नि कुठून बाहेर जातो हे माझ्याइतकं कुणाला कळणार? मोठ्या साहेबांच्या बाईंनी माझं कौतुक केलं.

आमच्या खोलीत एक मामा राहतात. घोरतात म्हणून सगळे त्यांना इंजिन म्हणतात. देवाधर्माच्या वाटेला न जाणारा माणूस. मी नवीन होतो, तापाने फणफणलो होतो, तेव्हा माझ्या वाट्याच्या पेट्या त्यांनी संपवल्या. वर म्हणाले, "मरू नकोस रे, नाहीतर दोघांचं काम कायमचं माझ्या गळ्यात."

गेल्या आठवड्यात त्यांच्या तळहातात माशाचा काटा रुतला. हात उशीसारखा फुगला. डॉक्टर म्हणाला, आठ दिवस पाण्यात हात घालायचा नाही. मुकादम म्हणाला, सोमवारी सकाळी दुसऱ्या खात्यातला बदली माणूस आणून उभा कर, नाहीतर तुझी जागा गेली. दुसऱ्या खात्यात सुरी धरता येणारा मी एकटाच. शनिवारी मामांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "मामा, मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो."

आणि उगाच चादर नीट करत बसलो.

रविवारी मामा चर्चमध्ये हजर. धुतलेला शर्ट, ओले केस, एका हाताने लावलेली बटणं एक काज चुकून वरखाली झालेली. येऊन सरळ तिसऱ्या ओळीत गादीवर बसले. मी धावत गेलो. "मामा, तुम्ही इथे?"

"तू म्हणालास ना प्रार्थना करतो. म्हटलं, ज्याचं काम आहे तो माणूस समोर दिसला तर लवकर होतं. सगळ्या कचेऱ्यांत असंच असतं."

पुढे बसलेल्या साहेबांच्या बाईंनी मान न वळवता रुमाल नाकाला लावला. मला तेवढं पुरलं. म्हणालो, "मामा, चला, मागे हवा छान लागते."

ते उठले. स्टुलावर बसून आजूबाजूला बघितलं. आमच्याच हॉलची चार माणसं. "अस्सं," म्हणाले, "म्हणजे इथेपण हॉल आहे. तू कुठे बसतोस मग?"

"मी उभा असतो," मी म्हणालो.

मी प्रार्थना केली, ताई. खरंच केली. पण डोळे मिटले की ती बटणं दिसायची. देवाकडे मागत काय होतो? जे माझ्याच दोन हातांत होतं तेच. लहानपणी तू शिकवलंस की नुसता तोंडाने सांगितलेला विश्वास म्हणजे मेलेला विश्वास. ते पाठ म्हणून दाखवून मी पेन्सिल बक्षीस घेतली होती. अर्थ मला तेव्हा कुणी विचारला नाही.

सोमवारी सहाला हॉलमध्ये जाऊन उभा राहिलो. मुकादम म्हणाला, "काय लेबलवाले साहेब, वाट चुकलात?" मी सुरी मागितली.

संध्याकाळी मामांची माफी मागितली, तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आता कर हवी तेवढी प्रार्थना. हात गुंतलेत, तोंड मोकळं आहे." रागाने म्हणाले की गमतीने, कळलं नाही. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

या आठ दिवसांत येता रविवारही आला. काल साहेबांच्या बाईंना जाऊन सांगितलं की मी दारात नसेन, मासे कापत असेन. स्टुलं पुढे घ्या असंही सांगायला गेलो होतो, पण तेवढं न सांगताच परत आलो. पुन्हा जाणार आहे.

पाळकसाहेबांना हेही पत्र दे. मधलं काही गाळू नका म्हणावं.

लेबलांच्या टेबलावर दुसऱ्याच कुणाला बसवलंय. आठ दिवसांनी ते मला परत मिळेल का, हे मुकादमाने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

तुझा, अजून शिकत असलेला,
धाकटा