पातेऱ्याचा चौकोन

चि. बाबलीस,
अक्काचा आशीर्वाद, आणि थोडा राग पण. फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून कागद घेतला.

पुण्यात मी बरी आहे. आंबोलीच्या घाटात गाडी लागली तेवढीच. तुझी भाची किशोरी कॉम्प्युटरवर माकडतापाचा नकाशा बनवते. एकेका गोष्टीचा चौकोन, आणि कशातून काय होतं त्याचा बाण. माकडाची गोचीड रानात पडते, ती माणसाला चावते. उद्या कोणाला ताप आला तर डॉक्टरला पटकन कळेल, काय विचारायचं. पोर हुशार निघाली. तिच्या तोंडावर मी सांगत नाही.

मी बघितलं नि विचारलं, "गो, ह्यात पातेरो खंय आसा?" काजूखालचा पाला भारे बांधून आपण डोकीवरून घरी आणतो, भात पेरण्याआधी तरव्याची जमीन भाजायला. त्या पाल्याबरोबर गोचीडही घरात येते. तिच्या मोठ्या सायबांना हे ठाऊकच नव्हतं. किशोरी म्हणाली, "आये, ह्या माका कोणीच सांगूक नाय." लगेच चौकोन घातला. चौथी शिकलेल्या बाईचा.

वरच्या बागेत माकड मेलंय, असं परवा तूच म्हणालास. आरोग्य केंद्रात सांगितलंस का? हात लावू नको. तुझ्या बायकोची, यशोदाची, कंबर कशी आहे?

पातेऱ्यातून निघालेला बाण शेवटच्या चौकोनात जातो. त्यात किशोरीने 'घर' एवढंच लिहिलंय. मला तिथे पडवीत भारे रचणारा तू दिसलास. ह्या वर्षी तरवा बिनभाजलेला राहू दे.

तुझी,
अक्का