आधीचं नाव

३ नोव्हें., वेस्ट विंडसर
भाऊजी येऊन आठवडा झाला. ट्रॉयहून एकटे ड्राइव्ह करत आले, या वयात. कपड्यांची एक बॅग, बाकी डिकीभर शंख. ताई आणि ते दर उन्हाळ्यात भूमध्य समुद्राच्या काठी जायचे, तेव्हा वेचलेले. सगळे एकाच प्रकारच्या गोगलगायीचे. शंकूच्या आकाराची, बोटाच्या पेराएवढी. भाऊजींचं म्हणणं, एका खाजणातल्या काळपट गोगलगायी ही वेगळी जात आहे. तिला ताईचं नाव द्यायचं. शंखप्रेमींच्या एका मासिकात लेख छापायचाय, मुदत महिनाअखेर.
"तू लिही. मला रिपोर्ट लिहिता येतो, लेख नाही."
हो म्हटलं. ताई गेल्यापासून कशालाच नाही म्हणायचं त्राण नाही.

६ नोव्हें.
डायनिंग टेबल गेलं. गोळ्यांच्या डब्यांत शंख, सोमवार ते रविवार. डॉक्टर तो डॉक्टरच. लाटा आपटतात त्या खडकांवरचे बुटके, जाड, ठिपक्यांचे. समुद्री गवतातले हिरवट, मधे फिकट पट्टा. खाजणातले लांबट, पातळ, जवळजवळ काळे. पिल्लं म्हणे लांब वाहून जात नाहीत, जन्मली तिथेच वाढतात. म्हणून खाडीखाडीची तऱ्हा वेगळी.
"गोडा मसाला कसा, घराघराचा वेगळा."
"पण गोडाच ना तो?"
त्यांनी चहा मागितला.

७ नोव्हें.
मीराचा मेसेज, स्टेट कॉलेजहून. (ताईची मुलगी, तिथे बायॉलॉजीत पोस्टडॉक.) "मावशी, बाबा आईला नावं ठेवतायत?"
नावं नाही गं बाई, नाव. एका टिंबाचा फरक.
"व्हॉटेव्हर. मला डीएनएचा रिझल्ट येऊ दे."
उन्हाळ्यात भाऊजींनी तिला अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या काही गोगलगायी दिल्या होत्या, खाजणातल्या आणि खडकांवरच्याही. मला हे माहीतच नव्हतं.

१२ नोव्हें.
पहिला खर्डा दाखवला. मी सवयीनं 'कुसुम' लिहिलेलं. भाऊजींनी पेन्सिलीनं खोडलं.
"शालिनी."
"जन्मापासून कुसुम होती ती."
"लग्नात तांदळात मी शालिनी लिहिलं. सगळ्यांसमोर."
"तिला विचारलं होतंत?"
"तेव्हा विचारायची पद्धत नव्हती. तुझ्या यजमानांनी विचारलं होतं?"
नव्हतं. माझं नाव बदललं नाही, कारण सासूबाईंना आवडलं.
पासपोर्टवर, हॉस्पिटलात, शेवटच्या दिवशी मनगटातल्या पट्टीवर, सगळीकडे शालिनी. मला मात्र फोनवर, अगदी गेल्या दिवाळीपर्यंत, "मी कुसुम बोलतेय." मला माहीत आहे की गं तू कोण ते. तरी म्हणायची.
भाऊजींना नाही सांगितलं. दमलेय. भांडण काढायचं नाही.

१७ नोव्हें.
मीराचा फोन, मला. बाबांना नाही.
"मावशी, सेम स्पीशीज आहे. खाजणवाल्या, खडकवाल्या, सगळ्या एकच."
"मग ती एवढी निरनिराळी रूपं?"
"जिथे राहतात तशी होतात. लोकांनी याच गोगलगायीला ढीगभर नावं दिलीत आजवर. पण एकाच प्राण्याला दोन नावं पडली ना, तर आधीचं राहतं. रूल आहे."
मी टेबलावरचा एक काळा शंख उलटा केला.
"हॅलो? बाबांना तू सांग ना, प्लीज. यू आर द रायटर."
"तू मुलगी आहेस."
"एक्झॅक्टली."

२१ नोव्हें.
सांगितलं नाही. दोन परिच्छेद लिहिले, दोन्ही काढले. आयुष्यभर मुदतीत लिहीत आले, हे मात्र...
भाऊजींनी पोहे केले, मीठ विसरले. खाल्ले. बशी उचलताना म्हणाले, "रिपोर्ट लांबला की वाईट असतो. मला कोणी शिकवायला नको."

२७ नोव्हें., थँक्सगिव्हिंग
मीरा आली. वरणभात, शिवाय तिनं आणलेला पम्पकिन पाय. जेवण झाल्यावर तिनंच सांगितलं, नीट, हळू.
भाऊजी: "सॅम्पल किती होतं?"
"लहान होतं."
"मग?"
"बाबा, कमॉन."
त्यांनी एक काळा शंख तळहातावर घेतला. "पण वेगळी दिसते ना?"
"ऑफ कोर्स दिसते." मग तो आधीच्या नावाचा नियम मीरानं त्यांनाही सांगितला. उगाच, काहीतरी बोलायला हवं म्हणून.
ते हातातला शंख फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता, "ती स्वतःला काय म्हणायची?"
मी सांगितलं. फोनचं.
"मला कधी म्हणाली नाही," एवढंच बोलले.

२९ नोव्हें.
मीरा सकाळी गेली. लेख पुरा झाला. एक जात, तिचे किनारे, तिचे रंग. नवं नाव नाही. भाऊजींनी वाचला, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले, दोन्ही बरोबर. वर अर्पणाची एक ओळ तेवढी राहिलीय.
ते टेबल आवरतायत. सोमवारचे शंख सोमवारात. मधेच थांबून म्हणाले, "कुसुम लिहिलंस तर..." अडखळत, परक्या बाईचं नाव घ्यावं तसं. "...तर लोकांना कळेल का, की ही माझीच?"
"मीराला कळेल."
"मीराला आई म्हणूनच माहीत."
खरंच.
लेख उद्या दुपारपर्यंत पाठवायचाय. 'अर्पण' टाइप केलंय. पुढे अजून काही नाही.