रमाचा व्हिडिओ

७ जानेवारी, मंगळवार
मुलुंडच्या सेंटरवर रमाची थेरपी संपली तसं केतकी मॅडमनी मला बाजूला घेतलं. ज्या कंपनीच्या देणगीमुळे अर्धी फी पडायची, तिने हात काढून घेतला. एप्रिलपासून पूर्ण भरायची. बोलताना मॅडम टेबलावरचे ठोकळे उगाच डब्यात भरत होत्या, माझ्याकडे बघेनात. मीच म्हटलं, तुमचा काय दोष.
आणि आजच झोक्यावर रमा "अजून" म्हणाली. स्पष्ट. सहा वर्षांची झाली, तोंडाने काही मागितलं ते आज पहिल्यांदा. रिक्षात परत म्हणाली, कशासाठी ते कळलं नाही. एकाच तासात हे दोन्ही. घरी येईपर्यंत धड कशाचाच विचार झाला नाही.

९ जानेवारी, गुरुवार
अमोल गोरेगावचं लग्न शूट करून आला. जेवताना म्हणाला, नेटवर देणग्या गोळा करून देणारे असतात ना, त्यांच्याशी बोललो. तो माणूस विचारत होता, ऑटिझम म्हणजे नक्की कुठला आजार. आजार नाही, हे समजावण्यातच निम्मा फोन गेला. शेवटी व्हिडिओ हवाय म्हणाला. "मुलगी रडताना असेल तर काम पटकन होतं, सर."
अमोलला हे कुणी शिकवायला नको. नवरीच्या पाठवणीला म्युझिक कुठे चढवायचं, अख्खं घर कसं रडवायचं, त्याचा धंदाच तो.

१२ जानेवारी, रविवार
वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. रमा जमिनीवर. डोकं आपटायला लागली, मी नेहमीसारखा तळवा मध्ये घातला. "झालं झालं, झालं झालं" म्हणत राहिले. ड्रिल थांबलं तेव्हा घामाने चिंब होऊन मांडीवर पडली होती.
वर बघते तर दारात अमोल, मोबाइल धरून.
"शूट करत होतास?"
"वैशू, फीसाठी गं."
हात अजून दुखतोय.

१४ जाने., मंगळ.
एडिट करून दाखवला. चांगला झालाय, तोच तर प्रॉब्लेम. मलाही रडू आलं.
म्हटलं, उद्या तिला कुणी हे दाखवलं तर?
"तिला काय कळणार आहे."
बोलून गेला आणि मग स्वतःच लॅपटॉप मिटला.
आई, म्हणजे त्याची आई, त्याच्या बाजूने. "लाज धरून पोरीचं काही होणार नाही, वैशाली. वाशिमहून आलो तेव्हा आम्ही लोकांकडे काय काय मागितलंय." त्यांच्याशी कुठल्या तोंडाने भांडू. दिवसभर रमाला त्या बघतात म्हणून मी लॅबच्या रिसेप्शनवर बसू शकते.
शुक्रवारी पाठवायचं ठरलं. म्हणजे मी नाही म्हटलं नाही.

१६ जाने., गुरु.
संध्याकाळी आले तर अमोल पलंगाच्या कडेला बसलेला आणि मोबाइल रमाच्या हातात. तिने आपणच तो व्हिडिओ लावला होता. स्वतःचं रडणं ऐकत होती. चेहऱ्यावर काही नाही. मग स्क्रीनवर तळवा ठेवला, थोपटलं, म्हणाली, "झालं झालं."
संपला की परत लावायची. परत थोपटायची.
अमोलने मोबाइल काढून घेतला नाही. तिचं थोपटणं थांबेपर्यंत तसाच बसून राहिला. मग व्हिडिओ डिलीट केला. लॅपटॉपवरूनही. उठून भांडी घासायला लागला. आईंनी चहा टाकला.

१९ जाने., रवि.
नवा शूट केला. आमच्या गल्लीत शेट्येकाकांची गिरणी आहे, रमा तिथे दळण बघत बसते. पट्टा फिरायला लागला की त्याच्याच सुरात हूं धरते. ड्रिल सोसत नाही आणि गिरणी चालते, हे मला अजून कळलेलं नाही. पापण्यांवर पीठ, तोंडभर हसू. काका म्हणाले, "काय गो, आज शूटिंग तुजा?"
अमोलने म्युझिक घातलं नाही. गिरणीचा आवाज आणि तिचा. खाली चार ओळी मी लिहिल्या. ही रमा, तिला काय आवडतं, तिला काय लागेल.

२१ जाने., मंगळ.
देणगीवाल्याचा फोन. "सर, इसमें तकलीफ दिख नहीं रही है."
अमोल म्हणाला, "दिखानी भी नहीं है," आणि ठेवला फोन.
ठेवला खरा, पण मग रात्री दोघंही फीचा हिशेब मांडत बसलो. आईंनी कुणाला न विचारता तोच व्हिडिओ विहाराच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिला.

२६ जाने., रवि.
मंडळाच्या बायकांनी थोडे थोडे पाठवले. दोन महिने निघतील.
आणि दुपारी मानखुर्दहून एक फोन. शोभाताई, मंडळातल्या कुणाच्या तरी नात्यातल्या. वाटलं, काही द्यायचं असेल. तर विचारतात, "तुमची मुलगी अशी चार लोकांत बसते?" त्यांची नात अस्मी, नऊ वर्षांची. बोलत नाही. कधी कुठल्या डॉक्टरला दाखवलेलं नाही. घरी कुणी आलं की तिला आतल्या खोलीत ठेवतात. "व्हिडिओत ती हसली ना, म्हणून फोन केला."
दिव्यांगांचं सर्टिफिकेट कुठे मिळतं, कागद काय लागतात, सगळं सांगत बसले. मध्येच त्या रडायला लागल्या. मी फोन धरून राहिले. माझाच फीचा प्रश्न कुठे सुटलाय. तरी ठेवल्यावर बरं वाटलं.

३० जाने., गुरु.
केतकी मॅडमना अस्मीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, अंधेरीत एक ट्रस्ट आहे. एकेका मुलाला पैसे देत नाहीत. पण मुलांचा गट असेल, जागा असेल, तर थेरपिस्टचा पगार देतात. आधी येऊन बघतील. "पाच तरी मुलं लागतील. जमेल?"
हो म्हणून बसले. पाच कुठून आणू?

४ फेब्रु., मंगळ.
आई विहारात बोलल्या. रविवारी वंदनेनंतर वरचा हॉल मिळेल. विक्रोळीचा एक मुलगा आणि भांडुपचे दोघं भाऊ येतो म्हणालेत, केतकी मॅडमच्या ओळखीने. रमा धरून चार. शोभाताई "बघते" म्हणाल्या, त्यानंतर फोन उचलत नाहीत.
अमोलने रविवारचं लग्न सोडलं. ऐन सीझनमध्ये. विचारलं तर म्हणाला, "सतरंज्या कोण उचलणार मग?"

९ फेब्रु., रवि.
हॉलमधली फरफरणारी ट्यूबलाइट अमोलने सकाळीच काढून टाकली. मुलं आली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, पण कुणी रडतही नव्हतं. आई दाराशी बसून सगळ्यांच्या चपला जोडीने लावत होत्या.
ट्रस्टवाले बघायला यायची वेळ होत आली तेव्हा शोभाताई आल्या. अस्मी जिन्यात बसली ती बसली. आजीची शाल डोक्यावरून ओढून घेतलेली. शोभाताईंचा चेहरा उतरला. "जातो आम्ही परत. उगाच तुमचं बिघडायला नको."
म्हटलं, बसू दे तिला. त्यांना वर पाठवलं आणि मी तिच्या खालच्या पायरीवर बसले. बोलले नाही, हात लावला नाही. वरून रमाचं हूं ऐकू येत होतं.
ट्रस्टच्या मॅडम आल्या. आम्हाला ओलांडून वर गेल्या, आत बघितलं आणि दारात परत आल्या. "पाच म्हणाला होतात ना? इथे चारच दिसतायत."
शालीची कड थोडी उचलली गेली. अस्मीने वर पाहिलं, दाराकडे. एक हात कठड्यावर ठेवला.
"एक येतेय," मी म्हटलं.